गोली चेंडू किती वेळ धरतो, हे मोजणारा विंगर

प्रश्न एका चोवीस वर्षांच्या डाव्या विंगरचा, म्हणजे डाव्या कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डचा, आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खेळणं जवळजवळ थांबलं आणि आता तो प्रशिक्षकाच्या डी-लायसन्सची तयारी करतोय. तो लिहितो : 'सर, पासबॅकचा नियम दानिएल जाँदुपो नावाच्या स्विस कोचमुळे आला असं वाचलं. तो आधी विंगर होता म्हणे. हा माणूस खरंच मोठा कोच होता का? आणि आमच्याकडे सगळे म्हणतात, कोच व्हायचं तर सेंटर हाफ (बचावाच्या मधोमध खेळणारा) नाहीतर गोली असावं लागतं, त्यांना सगळं मैदान समोर दिसतं. विंगरला नुसती लाइन दिसते. हे कितपत खरं?'

आधी सरळ उत्तर देतो, मग लांबण लावतो. चषक मोजलेस तर जाँदुपो मध्यम दर्जाचा कोच ठरेल. स्वित्झर्लंडचा एक कप, एक लीग, फ्रान्समध्ये एका छोट्या क्लबचा पाचवा नंबर, आणि राष्ट्रीय संघाची तीन वर्षं, ज्यांची आठवण स्विस माणूस स्वतःहून काढत नाही. पण गेल्या चाळीस वर्षांत मैदानावरचा खेळ ज्यांनी खरोखर बदलला त्यांची नावं काढायला बसलो, तर मी त्याला पहिल्या पाचांत घेईन. आणि तो बदल त्याने बाकावरून केला नाही, पत्र लिहून केला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलीने हातात घ्यायचा नाही, हाच तो पासबॅकचा नियम.

नावाबद्दल एक सांगतो. फ्रेंचमधला त्या नावाचा शेवटचा स्वर आपल्या बाराखडीत बसतच नाही. मी 'जाँदुपो' लिहितोय, कोणी 'जाँदुप्यू' लिहील. भांडू नये.

हा माणूस कुठून आला ते बघ, कारण ते पुढे उपयोगी पडणार आहे. जन्म ७ फेब्रुवारी १९४९, गाव सेंट-इमिए. बर्न कँटनमधला ज्युरा डोंगरातला फ्रेंच बोलणारा भाग. या खोऱ्याचा धंदा एकच, घड्याळं. लाँजीन ही कंपनी १८३२ पासून याच गावात आहे. डोंगरापलीकडे ला शो-द-फों, तेही घड्याळांचं शहर, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर, हिवाळ्यात बर्फाखाली गाडलेलं. चंदीगडचा आराखडा करणारा ल कॉर्ब्युझिए तिथलाच. त्या गावाच्या फुटबॉल क्लबने १९५४, १९५५ आणि १९६४ मध्ये स्विस लीग जिंकली होती. आज तो क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये आहे, पण जाँदुपो तिथे आला तेव्हा नाव ताजं होतं. विशी गाठायच्या आत तो त्या क्लबच्या पहिल्या संघात खेळत होता.

१९७१ मध्ये तो एफसी झुरिकला गेला. डोंगरातला फ्रेंच भाषक पोरगा जर्मन बोलणाऱ्या मोठ्या शहरात. तिथला कोच टिमो कोनिएत्स्का, म्हणजे १९६३ साली बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मन लीगच्या, इतिहासातला पहिला गोल मारणारा डॉर्टमुंडचा माणूस. मधल्या फळीत कोबी कून, जो पुढे स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. या संघाने १९७२ आणि १९७३ मध्ये कप जिंकला, १९७४ आणि १९७५ मध्ये लीग. १९७३-७४ च्या मोसमात लीगमधले सर्वाधिक गोल कोणाचे? जाँदुपोचे, २२. कोनिएत्स्काच्या त्या संघात लाइन धरून उभा राहणारा आणि बचावातल्या बॅकला चकवून क्रॉस टाकणारा विंगर एवढंच त्याचं काम नव्हतं. आत शिरून गोल मारणं हेही होतं. आज आपण 'इन्व्हर्टेड विंगर' वगैरे म्हणतो ना, ते काही आकाशातून पडलेलं नाही.

मग १९७५ मध्ये फ्रान्समधलं बोर्दो. आणि तिथे, तिशी गाठायच्या आत, सामन्यात एका टॅकलने पाय मोडला. खेळ संपला.

इथे तुझ्यासाठी म्हणून जरा थांबतो. खेळ असा अर्ध्यात तुटला की माणूस दोन गोष्टींपैकी एक करतो. एक तर मैदानाकडे पाठ फिरवतो, नाहीतर मैदानाकडे टक लावून बघायला लागतो. पाय प्लास्टरमध्ये असताना स्टँडमध्ये बसून मॅच बघणं ही फार वेगळी गोष्ट आहे. खेळत असताना आपण चेंडू बघतो. स्टँडमधून, पहिल्यांदाच, चेंडू नसलेले एकवीस लोक दिसायला लागतात. मी स्वतः लिगामेंटसाठी सात महिने बाहेर होतो तेव्हा हे भोगलंय. त्या सात महिन्यांत जेवढं कळलं तेवढं बारा वर्षं खेळून कळलं नव्हतं.

जाँदुपो कोच झाला तेव्हा जेमतेम तिशीचा होता. पहिला मोठा क्लब सिऑं : ऱ्होन नदीचं खोरं, उतारावर द्राक्षांचे मळे, आणि लोकांचा जीव स्विस कपात. या क्लबचं एक वैशिष्ट्य सांगण्यासारखं आहे. तो कपची फायनल खेळला की जिंकायचाच. १९६५ पासून तेरा फायनल, तेरा विजय. पहिला पराभव थेट २०१७ मध्ये. त्या तेरांतली तिसरी, १९८० ची, जाँदुपोची. फायनल बर्नच्या वांकडॉर्फ स्टेडियमवर आणि समोर यंग बॉइज, म्हणजे त्याच मैदानाचा मालक क्लब. सिऑंने २-१ ने काढली. पहिल्याच मोठ्या नोकरीत दुसऱ्याच्या अंगणात जाऊन कप उचलणं यात नशिबाचा भाग असतो, पण सगळं नशीब नसतं.

तिथून झुरिकने त्याला बोलावलं. ज्या क्लबात त्याने गोल मारले त्याच क्लबचा तो कोच झाला आणि १९८१ मध्ये लीग जिंकून दिली. मधल्या फळीत युगोस्लाव्हियाचा युरित्सा येर्कोविच होता, त्या काळातला खरा कलाकार. पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, लीग गेली शेजारच्या ग्रासहॉपरकडे आणि त्यांचा कोच कोण? कोनिएत्स्का. गुरूने वर्षभरात हिशेब चुकता केला.

झुरिकच्या त्या १९८१ च्या विजेतेपदाला एक शेपूट आहे, ते मला फार आवडतं. त्यानंतर हा क्लब पंचवीस वर्षं लीग जिंकला नाही. पुढचं विजेतेपद आलं १३ मे २००६ ला, बाझेलच्या मैदानावर, इंज्युरी टाइममध्ये युलियान फिलिपेस्कूच्या गोलने. एका गोलच्या अंतराने, शेवटच्या क्षणी. त्या संघाचा कोच लुसिएन फाव्र. आणि हा फाव्र १९८३-८४ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ क्लबात खेळत होता तेव्हा त्याचा कोच होता जाँदुपो. म्हणजे झुरिकची पंचवीस वर्षांच्या अंतरावरची दोन विजेतेपदं, दोन्ही फ्रेंच भाषक स्विस माणसांनी जिंकून दिलेली, आणि दुसरा पहिल्याच्या हाताखाली खेळलेला. फाव्र पुढे बर्लिन, ग्लाडबाख, नीस, डॉर्टमुंड करत कुठल्या कुठे गेला. कोणता धडा कोणाकडून घेतला हे बाहेरून कोणी छातीठोक सांगू नये. पण माणसं अशी एकमेकांच्या हाताखालून जातात. आपल्या तालमींमध्ये वस्तादांची साखळी सांगतात ना, तसंच.

१९८६ मध्ये स्वित्झर्लंडने त्याला राष्ट्रीय संघ दिला. हा भाग मी पटकन उरकतो, कारण यात शिकण्यासारखं थोडं आणि हळहळण्यासारखं जास्त आहे. १९८८ च्या युरो स्पर्धेत यजमान धरून आठच संघ. म्हणजे प्रत्येक गटातून एकच वर जाणार. गटात इटली, स्वीडन, पोर्तुगाल आणि माल्टा. स्विस संघ चौथा आला. माल्टाला त्या गटात मिळालेल्या दोन बरोबऱ्यांपैकी एक स्विस संघाने दिलेली. मग १९९० च्या वर्ल्ड कपची पात्रता फेरी अर्ध्यावर असताना, १९८९ मध्ये, त्याचं पद गेलं आणि काही काळाने जर्मनीचा उली श्टीलिके आला. लक्षात घे, १९६६ नंतर स्वित्झर्लंड थेट १९९४ मध्ये, रॉय हॉजसनच्या वेळी, वर्ल्ड कपला पोचलं. जाँदुपोची खेळाडू म्हणूनची आंतरराष्ट्रीय कारकीर्द आणि कोच म्हणूनची, दोन्ही त्या अठ्ठावीस वर्षांच्या दुष्काळात सापडल्या. दोष त्याचा होताच, पण विहीरही कोरडी होती.

आता काँ. चित्रपट महोत्सवाचं कान वेगळं. ते दक्षिणेला, भूमध्य समुद्रावर. हे काँ उत्तरेला, नॉर्मंडीत, १९४४ मध्ये बॉम्बवर्षावात जवळपास सपाट झालेलं आणि पुन्हा बांधलेलं शहर. तिथला क्लब १९८८ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या डिव्हिजनमध्ये चढला होता. १९८९ मध्ये जाँदुपो तिथे आला. असा क्लब चढल्यावर दोन-तीन वर्षांत खाली येतो, हा फुटबॉलचा अलिखित नियम. याने काय केलं? १९९१-९२ मध्ये संघ पाचवा आला. वर मार्से, मोनाको, पॅरिस आणि ऑसेर. लगेच खाली काँ. त्यामुळे यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचं तिकीट मिळालं. पहिल्याच फेरीत स्पेनचा रेआल सारागोसा. घरच्या सामन्यात काँ ३-२ ने जिंकलं, परतीच्या सामन्यात २-० ने हरलं आणि बाहेर. दोन सामन्यांची युरोपवारी. पण काँमधल्या वयस्कर लोकांना विचार, ते त्या ३-२ बद्दल काल झाल्यासारखं बोलतील. माझ्या मते कोच म्हणून त्याचं सगळ्यात अवघड काम हेच. झुरिकची लीग चांगल्या संघाबरोबर जिंकली. काँचा पाचवा नंबर शून्यातून उभा केला.

याच काँच्या वर्षांत, १९९० च्या उन्हाळ्यात, इटलीत वर्ल्ड कप झाला. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास, म्हणून सांगतो. आम्ही शेजारच्या काकांच्या टीव्हीवर रात्री जागून तो बघितला आणि मधेमधे झोपलो. ५२ सामन्यांत ११५ गोल. म्हणजे सामन्याला सव्वादोनसुद्धा नाहीत. तोवरच्या सगळ्या वर्ल्ड कपांत सगळ्यात कमी. फायनल १-० आणि तोही पेनल्टीवर.

त्यातला एक सामना १७ जून, पालेर्मो, आयर्लंड विरुद्ध इजिप्त. ०-०. तो सामना बघितलेल्या कोणालाही विचारू नकोस, माणूस तोंड वाकडं करेल. जाँदुपोने संगणकावरच्या विश्लेषणाच्या मदतीने तो सामना तपासला, तेव्हा निघालं की आयरिश गोली पॅकी बॉनरच्या हातात चेंडू सुमारे सहा मिनिटं होता. फक्त हातात धरलेला. इजिप्त पुढे येईना, आयर्लंडला घाई नाही. बॅक गोलीकडे द्यायचा, गोली उचलायचा, चार पावलं चालायचा, पुन्हा बॅककडे ढकलायचा, बॅक पुन्हा परत. ही युक्ती फक्त आयर्लंडची नव्हती. जगभरात १-० ने पुढे असलेला प्रत्येक संघ हेच करायचा. आम्हीही करायचो. नियमात बसत होतं.

आता घड्याळांच्या खोऱ्यातल्या माणसाने सेकंद मोजले, हे वाक्य कोणालाही सुचेल, मलाही सुचलं. पण मला त्यातलं खरं काय वाटतं सांगू? सगळ्यांनाच तो सामना कंटाळवाणा वाटला होता. आयरिश टीव्हीवर एका समालोचकाने रागाने पेन फेकलं, ते अजून सांगतात. पण 'कंटाळा आला' हे मत झालं. 'गोलीने सहा मिनिटं चेंडू हातात धरला' ही मोजदाद झाली. मतावर समित्या डोकं हलवतात आणि चहा पितात. आकड्यावर त्यांना काहीतरी करावं लागतं.

त्याने पत्र लिहिलं ते वाल्टर गाग या ओळखीच्या स्विस माणसाला, जो फिफाच्या तांत्रिक विभागात होता. त्या वर्ल्ड कपनंतर फिफाने खेळ कसा सुधारायचा यासाठी एक गट नेमला होता, त्यापर्यंत हे पोचलं. सूचना साधी : आपल्याच खेळाडूने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलीने हाताने धरायचा नाही. बस. गोलपोस्ट मोठे करा, ऑफसाइड काढून टाका, असल्या मोठाल्या कल्पना त्या काळी फिरत होत्या. हा विंगर म्हणाला, फक्त हात काढून घ्या.

पत्रावरून नियम होत नाही, हेही तुला माहीत असू दे. फुटबॉलचे नियम बदलतं आयएफएबी नावाचं मंडळ. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचं प्रत्येकी एक मत आणि फिफाची चार. आठपैकी सहा मतं लागतात. तिथून १९९२ मध्ये हा नियम मंजूर झाला आणि त्या उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये मैदानावर आला. जुन्या नियमांखालची शेवटची मोठी स्पर्धा म्हणजे त्याआधी काही आठवडे झालेला युरो. ती जिंकली डेन्मार्कने, युगोस्लाव्हियाच्या जागी ऐनवेळी बोलावलेल्या संघाने. फायनलची चित्रफीत आज लाव. डेन्मार्क पुढे आहे आणि बॅक पुन्हा पुन्हा गोली श्मायकेलकडे चेंडू देतायत, श्मायकेल उचलतोय. आजच्या पोरांना दाखवलं की ती विचारतात, 'रेफरी शिट्टी का मारत नाही?'

मी तेव्हा कोल्हापुरात राइट बॅक खेळायचो. नियम बदललाय हे पेपरात वाचलं होतं. वाचलं होतं, पायाला माहीत नव्हतं. मोसमातली सुरुवातीची मॅच, शाहू स्टेडियम, आम्ही १-० ने पुढे, दहा मिनिटं बाकी. समोरचा फॉरवर्ड अंगावर आला आणि मी, आयुष्यभर केलं तेच केलं, वळलो आणि गोलीला ठेवला. गोलीने वाकून उचलला, अगदी प्रेमाने, पोटाशी धरला. शिट्टी. सगळं स्टेडियम एक क्षण गप्प, मग एकदम हसं. रेफरीने हात वर धरला, म्हणजे इनडायरेक्ट फ्री किक, थेट गोल चालत नाही. चेंडू ठेवला गोल एरियाच्या रेषेवर, गोलपासून सहा यार्ड. आमचे अकराच्या अकरा गोललाइनवर, खांबापासून खांबापर्यंत, हात लंगोटीपुढे बांधून. त्यांनी टोचून मागे दिला, दुसऱ्याने मारला, आमच्या स्टॉपरच्या छातीवर आदळून वर जाळीत. १-१. मॅच तशीच संपली. गोली आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आणि मला त्या वेळी माहीतही नव्हतं की याच्या मुळाशी नॉर्मंडीत बसलेला एक स्विस विंगर आहे.

नियम नेमका काय, हे डी-लायसन्सला विचारतातच, म्हणून नीट लक्षात ठेव. पायाने, मुद्दाम, गोलीकडे दिलेला चेंडू. डोक्याने, छातीने, गुडघ्याने दिला तर गोली उचलू शकतो. स्लाइस होऊन चुकून गेला तर उचलू शकतो. पण पायाने चेंडू स्वतःच्या डोक्यावर उडवून मग हेडरने मागे द्यायची हुशारी केली, तर ते नियमाला बगल देणं. त्याला पिवळं कार्ड आहे. १९९७ पासून आपल्या खेळाडूचा थ्रो-इनही गोलीला हातात घेता येत नाही. ज्याने नियम वाचला नाही तो पहिल्या दोन प्रश्नांत पडतो, असा माझा अनुभव आहे.

आणि परिणाम? पहिल्या दोन वर्षांत गोली चेंडू प्रेक्षकांत मारायचे, दुसरं काही येतच नव्हतं. गोलीला पायाने खेळायला कोणी शिकवलंच नव्हतं; तोवर गोली म्हणजे हात, उडी आणि आवाज. मग गोलींच्या सरावात बदल झाला. आयाक्सचा व्हॅन डर सार हा त्या बदलाचा पहिला मोठा चेहरा : बॅकचा पास घ्यायचा आणि पायाने पुढे खेळायचा. आज एडरसनसारखा गोली साठ यार्डांवर पास टाकतो तेव्हा समालोचक त्याचा कोच राहिलेल्या गार्दिओलाचं नाव घेतात. घ्यावं. पण १९९२ च्या आधी एडरसनच्या त्या पायाला बाजारात किंमत नसती.

दुसरा परिणाम फॉरवर्डवर. आधी बॅकने मागे दिला की फॉरवर्ड थांबायचा, कारण गोली उचलणारच. आता त्या पासच्या मागे पळणं फायद्याचं झालं. पुढून प्रेस करणं, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच गोलाजवळ चेंडूसाठी घेरणं, ज्याच्यावर आजचा सगळा खेळ उभा आहे, त्याला दात आले ते इथून. माझ्या पोरांना मी हेच घोटवून घेतो : बॅकचा पाठमोरा पास दिसला की विंगरने गोलीच्या कमजोर पायाच्या बाजूने वाकडं पळायचं. सरळ पळालास तर तो दुसरीकडे देतो. वाकडं पळालास तर अर्धं मैदान तुझ्या सावलीत जातं.

आता तुझा दुसरा प्रश्न, विंगरला फक्त लाइन दिसते का.

सेंटर हाफला मैदान समोर दिसतं हे खरं. कोचांच्या यादीत मधल्या फळीतले आणि बचावातले जास्त, हेही खरं. स्विस कोचच बघ, फाव्र मिडफिल्डर, उर्स फिशर आणि मुरात याकिन डिफेंडर. पण विंगर एका गोष्टीत सगळ्यांच्या पुढे असतो. तो सगळ्यात जास्त वाट बघतो. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना सेंटर हाफला काम असतं, विंगर लाइनवर उभा. त्यात एका हाफमध्ये तो बरोबर आपल्या बाकासमोर असतो, कोचचा प्रत्येक शब्द, प्रत्येक शिवी त्याच्या कानावर. ब्रेकनंतर पलीकडच्या लाइनवर गेला की एकही शब्द ऐकू येत नाही. आता काय करायचं ते स्वतः वाचायचं. पंचेचाळीस मिनिटं ऐकायचं, पंचेचाळीस मिनिटं अंदाज बांधायचा. कोचिंगची याहून चांगली शाळा मला माहीत नाही. अर्थात शाळेत बसलेला प्रत्येक जण शिकतो असं नाही. मी पाहिलेले निम्मे विंगर त्या वेळात मोजे वर ओढतात आणि स्टँडमध्ये कोण आलंय ते बघतात.

आणि गोली वेळ काढत असतो तेव्हा सगळ्यात जास्त तळमळतो कोण? ज्याच्याकडे चेंडू येणारच नाही, तो. म्हणून ही मोजदाद कुठल्या सेंटर हाफने केली नाही, विंगरने केली, याचं मला नवल वाटत नाही. हा माझा तर्क आहे, त्याच्या तोंडचं वाक्य नव्हे.

काँनंतर स्ट्रासबुर झालं, मग ल माँ. चोवीस तासांच्या मोटार शर्यतीचं ते ल माँ. तिथे तो मुख्यतः क्रीडा संचालक होता, म्हणजे खेळाडू हेरून आणणं. त्या वर्षांत त्या छोट्या क्लबातून कोण कोण गेलं बघ : ब्राझीलचा ग्राफिते, जो पुढे वोल्फ्सबुर्गला जर्मन लीग जिंकून द्यायला गेला, आयव्हरी कोस्टचे रोमारिक आणि जेर्विन्यो, बेनिनचा सेसेन्यों, जपानचा मात्सुई. स्वस्तात आणायचे, चमकवायचे, विकायचे. पुन्हा तेच काम : बघत राहणं.

तर तुला करायचं काय? लायसन्सच्या पुस्तकाआधी दोनशे पानांची वही घे आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. पुढच्या तीन मॅचेस स्टँडमधून बघ, गोलकडे न बघता. पहिल्या मॅचला फक्त एक गोष्ट मोज : थ्रो-इन मिळाल्यापासून चेंडू आत येईपर्यंत किती सेकंद. दुसऱ्या मॅचला : चेंडू हरल्यावर आपला विंगर परत वळायला किती वेळ घेतो. तिसऱ्या मॅचला काय मोजायचं ते तू ठरव, आणि मला कळव; तुझ्या त्या तिसऱ्या निवडीवरून मला तुझ्याबद्दल जास्त कळेल. तुझ्याकडे ज्यांना ज्यांना मैदान पूर्ण दिसतं त्यांना विचार, कोल्हापुरात एका मॅचमध्ये थ्रो-इनला किती मिनिटं जातात. मी मोजलंय. आकडा सांगत नाही, तू मोज.

गोलीच्या हाताचा हिशेब अजून चालूच आहे. आधी सहा सेकंदांचा नियम होता, जो रेफरी क्वचितच लावायचे. २०२५ पासून आठ सेकंद झाले आणि शिक्षा थेट कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. परवा आमच्या सरावसामन्यात मी हा नियम लावला. माझ्या हाताची बोटं मिटायला लागली तशी कुंपणावर बसलेली बारा-बारा वर्षांची पोरं ओरडून मोजायला लागली, पाच, चार, तीन. गोली गडबडला आणि चेंडू सरळ समोरच्या संघाच्या डाव्या विंगरच्या पायात दिला.